रक्तवाढीच्या बाटलीतल्या गोळ्या

सानपाडा, ३ जून २०२५

ईश्वरी,

पप्पांच्या मोबाइलवर तुझा मेसेज आला. त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला, जसं काय मला ऐकू येत नाही. "आईने मला कोणत्या गोळ्या दिल्या, कधीपासून, किती दिवस, ते लिहून पाठवायला सांगा. २७ तारखेला डॉक्टरांना दाखवायचं आहे. फोन नको. फोनवर ती बोलते आणि नंतर नाही म्हणते."

पुण्याला जाऊन नऊ महिने झाले. माझा नंबर ब्लॉक केलास. आता आईची आठवण आली ती पण डॉक्टरसाठी. असो. माझी पाचवी झालीय, चुका दिसतील त्या तुझ्या तू सुधार.

गोळ्या रक्तवाढीच्या दिल्या. शाळेत तपासलं तेव्हा तुझं रक्त नऊ भरलं होतं, डॉक्टरनेच लिहून दिल्या होत्या. फ्रिजवर लाल बाटली असायची ती. रोज एक, जेवणानंतर. दुसरं मी काही दिलेलं नाही.

पिठाच्या डब्यात तुला जी पट्टी सापडली ती किचनमधल्या बायकांची होती. पाळी पुढे ढकलायची गोळी गणपतीच्या ऑर्डरीत मी सगळ्यांना देते, हे काय लपलेलं नाही. त्यावरून तू ऋषिपंचमीच्या दिवशी सहा बायकांसमोर मला खोटारडी म्हणालीस आणि बॅग भरलीस. दीडशे मोदक वळायचे राहिले होते.

डॉक्टरला सांग, रक्तवाढीच्या. झालं.

आई


सानपाडा, ९ जून

ईश्वरी,

"रक्तवाढीच्या गोळीने पाळी पुढे जात नाही. दर गणपतीत माझी कशी जायची? खरं लिही." पप्पांनी हे वाचलं आणि म्हणाले, "तुमचं बायकांचं काय ते तुम्ही बघा," आणि अंघोळीला गेले.

बरं. दिली. दोन-तीन वेळा दिली असेल. तू कॉलेजात होतीस, अठरा पूर्ण झाली होतीस. पट्टीतून काढून लाल बाटलीत टाकली आणि रक्तवाढीची म्हणून दिली. बाटलीतल्या खऱ्या गोळ्या तेवढे दिवस वाटीत काढून ठेवायचे.

सांगून का नाही दिली विचारशील. सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस. का, कशाला, कोण म्हणतं, कुठे लिहिलंय. तुला प्रश्न फार. गणपतीच्या आदल्या दिवशी शंभर नारळ फोडायचे असतात, तेव्हा मला प्रश्न परवडत नाहीत.

तुला ऑफिसात एसीत बसून हे कळणार नाही. पहाटेपासून दुपारच्या आरतीपर्यंत अकराशे मोदक. हात सहा बायकांचे. त्यातली एक बाजूला बसली की दोनशे मोदक गेले. दोघी बसल्या की एक सोसायटी गेली. आणि सेक्रेटरी फोनवर पहिलं काय विचारतो? तांदूळ कुठला, गूळ कुठला, काही नाही. "मावशी, सगळं सोवळ्यात होतं ना?" मी म्हणते, हो. पंधरा वर्षं हो म्हणतेय. देवाला चालतं की नाही ते मला माहीत नाही, मी देवाला विचारायला गेले नाही. सेक्रेटरीला चालत नाही एवढं माहीत आहे.

केमिस्टवाला तर मला बघितलं की हसतो. "काय मावशी, गणपती आले वाटतं!" चिठ्ठी मागत नाही, मी किती जणी ते सांगते, तो पट्ट्या मोजतो. म्हणजे एवढं भयंकर काही असतं तर त्याने दिली असती का? अख्ख्या सेक्टरमधल्या बायका घेतात. लग्न असलं घेतात, सत्यनारायण असला घेतात. गावाला देवीला जायचं असलं तरी घेतात.

दोन-तीन वेळा. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आई


सानपाडा, १५ जून

ईश्वरी,

तुझं उत्तर नाही. पप्पा म्हणाले, निळी खूण आलीय, म्हणजे "पत्र मिळालं का" हे तू वाचलंस.

मी काल आरोग्य केंद्रात गेले होते. तुझ्यासाठी नाही. माझी स्वतःची पाच महिने आली नाही आणि मोदकपात्र उघडलेलं नसलं तरी तोंडावर वाफ येते. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आहे, तुझ्याच वयाची वाटते, केस कापलेले. माझं तपासून झालं. म्हणाली, "वय झालं मावशी, हार्मोन कमी होतायत." मी म्हटलं, ते ठीक, दुसरं एक विचारायचंय. पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊन कुणाचं कायमचं बिघडतं का?

"कुणासाठी विचारताय?"

"ओळखीची बाई आहे. तिने मुलीला दिली होती."

"मुलीला माहीत होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही गोळीचं सांगा ना."

ती हसली नाही. कागद घेतला आणि त्यावर दोन हार्मोनच्या, डोंगरासारख्या दोन रेघा काढल्या. तो कागद मी आणलाय. तुझं शिक्षण झालंय, तुला माहीत असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं अंगात होतं आणि आता बंद पडताना कळलं.

तर असं. पहिली रेघ चढते तेव्हा पिशवीत आतून अस्तर तयार होतं. पाळी संपल्यापासून मधल्या दिवसापर्यंत. त्या दिवसांत अंग हलकं असतं, डोकं चालतं, झोप लागते. मध्यावर बीज सुटतं. मग दुसरी रेघ चढते. तिचं काम ते अस्तर धरून ठेवायचं. ती चढली की अंग अर्धा डिग्री गरम, छाती जड, पोट साफ नाही. गोड खावंसं वाटतं आणि समोरचा माणूस उगाच डोक्यात जातो. गर्भ राहिला नाही तर दोन्ही रेघा खाली येतात. धरणारं कुणी राहिलं नाही की अस्तर सुटतं. तीच पाळी.

मी म्हटलं, म्हणजे उकडीवर ओलं फडकं असतं तसं. फडकं आहे तोवर उकड मऊ, काढलं की तडे. ती म्हणाली, साधारण तसंच. गोळी म्हणजे बाहेरून घातलेलं फडकं. अंगातली रेघ उतरली तरी गोळी अस्तर धरून ठेवते. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत सगळं एकदम.

ते मला माहीतच होतं. गौरी गेल्या की मी गोळी बंद करायचे आणि तिसऱ्या दिवशी किचनमध्ये सगळ्यांचे चेहरे एकसारखे पिवळे. वेणूबाई म्हणायची, "विसर्जन झालं का सगळ्यांचं?" आम्ही हसायचो.

किचनमधल्या जाईचं पण मला तिथे बसल्या बसल्या कळलं. महिन्यातले काही दिवस तिची उकड नेहमी घट्ट व्हायची, एकदा तर तिने कढई आपटली. मी म्हणायचे, नखरे. घरी येऊन तिच्या तारखा लावून बघितल्या तर पाळीच्या आधीचाच आठवडा.

डॉक्टरीण म्हणाली, "एकदा-दोनदा घेतली तर गोळी थोड्या दिवसांत अंगातून जाते, मावशी. पण तपासून द्यायला लागते. कुणाच्या पायात रक्ताची गाठ होते, कुणाला अर्धशिशी असते, कुणी गरोदर असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे न सांगता देणं. त्या मुलीने कुठे रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, तर डॉक्टर जे बघतो ते तिचं नसतं, गोळीचं असतं. तो चुकीचंच औषध देणार. किती वेळा दिली तुमच्या ओळखीच्या बाईने?"

मी म्हटलं, दोन-तीन.

"किती मात्रा?"

मी म्हटलं, बाकीच्यांना दिवसाला तीन. पोरगी लहान म्हणून तिला अर्धी-अर्धी, दोनदा.

तिने पेन खाली ठेवलं. "लहान म्हणजे किती लहान?"

मी उठले. बाहेर रांग होती.

ते अर्धीचं तुला लिहायचं राहिलं होतं म्हणून लिहिलं. ती म्हणाली, अर्धीने धड थांबत नाही आणि धड येत पण नाही. मधेच डाग लागतात. तुला लागायचे. तू घाबरून दाखवायला यायचीस आणि मी म्हणायचे उष्णता झालीय, सब्जा पी.

आई


सानपाडा, २० जून

ईश्वरी,

"लहान म्हणजे किती लहान, हे त्या डॉक्टरांनी विचारलं. मीही तेच विचारते आहे. सात दिवस राहिले. ते आतलं अस्तर काढून तपासायचं म्हणतायत. त्याआधी त्यांना खरा इतिहास हवा आहे. गेल्या वेळी मी लिहून दिलं होतं की दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडून कधीच हार्मोन घेतले नाहीत."

पप्पांनी हा मेसेज वाचला नाही. मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी अक्षर अक्षर लावून वाचला.

काल जुनी कॅलेंडरं काढली. मी ती टाकत नाही, मागच्या बाजूला ऑर्डरी लिहिलेल्या असतात हे तुला माहीत आहे. पुढच्या बाजूला टिंबं आहेत हे माहीत नव्हतं. किचनमधल्या प्रत्येकीची तारीख मी टिंब करून ठेवते, टिंबाखाली अक्षर. जा म्हणजे जाई. कुणाला कधी गोळी सुरू करायची ते त्याशिवाय कसं कळणार? तुझं ई. तारखेच्या तीन दिवस आधी फुली, ती गोळीची सुरुवात. गोल म्हणजे बंद.

वेणूबाई पालक निवडत बसली होती. तिला म्हटलं, मी तारखा सांगते, तू मोठ्याने मोज. तिने मोजलं. सोळा साली गणपती आणि नवरात्र. सतरा साली गणपती, नवरात्र आणि शेजारच्या वास्तुशांतीचं पुरण. असं करत चोवीसपर्यंत एकोणीस फुल्या. सोळा साली तू नववीत होतीस. चौदाची.

म्हणजे दोन-तीन नाही. अठरा पण नाही.

वेणूबाई म्हणाली, "शालनबाई, पोरीला विष दिल्यासारखं लपवून दिलंत की वो."

मी म्हटलं, "तुला काय जातंय बोलायला? तू तर कधी घेतलीच नाहीस."

"आमच्यात नाय असलं काय. बाबासाहेबांनी सोडवलं आमाला. आणि तुमचा देव एवढा मोठा, हत्तीचं तोंड त्याचं, त्याला एका बाईच्या पाळीनं काय हुतंय?"

तिला मी नैवेद्याच्या टेबलाला कधी लावलं नाही, डबे भरायला लावते. गोळी घेत नाही म्हणून, असं मी म्हणायचे. तिने कधी विचारलं नाही की गोळी घेतली असती तर लावलं असतंत का. बरं झालं विचारलं नाही.

सगळ्या तारखा मागच्या पानावर लिहिल्यात. फुली आणि गोल दोन्ही. डॉक्टरला तेच पान दे. त्यात एक वर्ष बघ, वीस साल. लॉकडाऊन, गणपतीला एक ऑर्डर नाही, एक फुली नाही. त्या वर्षी तुझी टिंबं एकोणतीस-तीस दिवसांनी, एकाखाली एक, रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. पुढे एकवीसला परत ऑर्डरी सुरू झाल्या आणि ठिपके विस्कटले. हे मला कुणी डॉक्टरने सांगितलं नाही. पानं लावली आणि दिसलं.

अजून एक आहे. तेवीस साली नोकरीला लागलीस तेव्हा तू स्वतः महाप्याला ऑफिसजवळच्या डॉक्टरकडे गेलीस, तीन-तीन महिने येत नव्हती म्हणून. त्याने तुला महिन्याची पाकिटं दिली. ती तुझ्या टेबलावर होती. मी बघितली. ती पण हार्मोनचीच असणार एवढी अक्कल मला होती, पाकिटावर एकवीस गोळ्या आणि बाईचं चित्र. तरी चोवीसच्या गणपतीत मी लाल बाटली भरली. सकाळी तू त्याची गोळी घ्यायचीस, जेवणानंतर माझी. तुला उलट्या झाल्या तेव्हा मी म्हटलं, ऑफिसच्या कॅन्टीनचं खातेस म्हणून.

मग तुला पट्टी सापडली.

तुझं जे काय आहे ते माझ्यामुळे आहे की नाही, हे मी परत त्या डॉक्टरणीला विचारून आले. या वेळी ओळखीच्या बाईचं सोडून दिलं, मुलगी माझीच म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "शेवटची गोळी नऊ महिन्यांपूर्वीची असेल तर आता जे होतंय ते कदाचित वेगळंच असेल. तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तुमच्यामुळे नाही झालं असंही म्हणणार नाही. तुमच्यामुळे दोन वर्षं कळलं नाही, एवढं नक्की." मला हो किंवा नाही पाहिजे होतं. नाही मिळालं.

किचनमधल्या बायकांना मी सांगितलं, या वर्षी पट्ट्या आणणार नाही, ज्यांना पाहिजे त्यांनी डॉक्टरला दाखवून स्वतः घ्या. जाई म्हणते, "काकी, मी घेणार. घरी चार दिवस बाजूला बसण्यापेक्षा गोळी बरी." म्हटलं, घे बाई, पण बीपी तपासून घे. सेक्रेटरीला अजून फोन केलेला नाही. काय सांगायचं ते ठरलेलं नाही, खोटं कशाला लिहू.

आई


सानपाडा, २६ जून, संध्याकाळ

ईश्वरी,

तुझा मेसेज दुपारी आला. "पान डॉक्टरांना मेल केलं. त्यांनी एकच विचारलं आहे. सोळा सालच्या पहिल्या फुलीच्या आधीही दिली होती का? पहिली नेमकी कधी? पाळी सुरू झाल्यावर किती महिन्यांनी? उद्या सकाळी दहाला बोलावलंय."

या वेळी पप्पांनी वाचला. वाचून मोबाइल माझ्यापुढे धरला. "कसली फुली? पहिली काय?" मी भेंडी चिरत होते. म्हटलं, "लिहून देते. थांबा."

पोस्टाने उद्या दहाला पोचणार नाही. मला तू ब्लॉक केलंयस. म्हणजे हे पान पप्पांच्या मोबाइलवर फोटो काढून जाणार, म्हणजे ते वाचणार. आधीची चार पत्रं मी स्वतः पेटीत टाकली, त्यांनी बघितलेली नाहीत. त्यांना अजून वाटतं की त्या रक्तवाढीच्या होत्या. ती लाल बाटली दर महिन्याला तेच आणायचे. एकदा केमिस्टकडे नव्हती तर वाशीपर्यंत जाऊन आले होते.

मी दोनदा लिहिलं आणि फाडलं. एकदा लिहिलं की आठवत नाही. मला आठवतं.

चौदा साल. तुझी पाळी जूनमध्ये सुरू झाली, शाळा उघडली त्याच आठवड्यात. बाथरूममधून हाक मारलीस. मी तुला कपडा कसा घ्यायचा ते दाखवलं आणि सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. तुझ्या आत्याला नाही, पप्पांना पण नाही. सगळ्यांना मी दोन वर्षांनी सांगितलं, म्हणून कॅलेंडरवर सोळापासून टिंबं आहेत. त्याआधी केली असती तर जाईने विचारलं असतं, ही ई कोण.

चौदाचे गणपती ऑगस्टच्या शेवटी होते. गोळी मी त्याच्या आधीच्या सोमवारी सुरू केली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, दहा दिवस. म्हणजे पाळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी. तोवर तुला दोनदाच आली होती. पंधरा साली पण दिली, एकदाच, गणपतीला. म्हणजे एकोणीस अधिक दोन, एकवीस. त्याच्या आधी नाही, नंतर लपवलेली नाही. आता एवढीच.

एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुला कोपऱ्यात बसायला लागू नये, सणाच्या दिवशी चार बायकांत मान खाली घालायला लागू नये, म्हणून दिली. ते खरं असतं तर तुला सांगून दिली असती. त्या वर्षी जाई बाळंतपणाला गेली होती आणि साडेतीनशे मोदक कमी पडत होते. तुझी बोटं बारीक. तुझ्या मोदकाला एकवीस कळ्या पडायच्या, माझ्या पंधराच्या वर जात नाहीत. सेक्रेटरीच्या बायकोने ताटातला तुझा मोदक उचलून विचारलं होतं, हा कुणी केला? मी म्हटलं, मीच.

पप्पा मोबाइल घेऊन समोर उभे आहेत. "झालं का? काढू फोटो?" म्हणतायत. मी त्यांना म्हटलं, "आधी बसा आणि वाचा. मग काढा."

डॉक्टर वय विचारेल. तेरा सांगू नकोस, तेराला दोन महिने बाकी होते. बारा सांग.

आई